सायाळीची व्याख्या

एक जंगल होतं, चांगलं मोठं. त्यात झरे होते, झाडं होती, खाणारे होते आणि खाल्ले जाणारेही होते. फक्त राजा नव्हता. म्हातारा वाघ मागच्या पौषात सांबराचं हाड घशात अडकून गेला. महाराज जनतेची कामं करता करता गेले, अशी बातमी कावळ्यांनी दिली. सांबराच्या घरच्यांनी यावर काही बोलायचं नाही असं ठरवलं.

मग जंगलाला वाटलं की आता राजा नको, राज्यघटना हवी. म्हणजे नेमकं काय हवं हे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या जंगलात होती आणि तिथे ती वाईट दिसत नव्हती. जातीजातीतून प्रतिनिधी निवडले गेले आणि वडाखालच्या पारावर घटनासभा भरली. अध्यक्षपद कासवनानांना दिलं, कारण ते कधीच कोणाच्या पुढे जात नसत. मसुद्याचं काम भास्करराव कोल्ह्याकडे गेलं. तो वकील होता आणि आजवर एकही खटला हरला नव्हता, कारण तो दोन्ही बाजूंनी उभा राहायचा.

बिळात राहणाऱ्यांच्या वतीने कोंडाबाई सायाळ निवडून आली. तिला भाषण येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. तिला पुस्तकात फक्त एक वाक्य हवं होतं. जन्मभरात तिने सात बिळं खणली होती आणि त्यातल्या सहांमध्ये आता भलतेच लोक पाय पसरून राहत होते. सातव्यात तिची दोन पिल्लं होती. दगडू तरस रोज येऊन त्या बिळाच्या तोंडाशी वास घेऊन जायचा. तो आत शिरत नव्हता याचं कारण कोंडाबाईच्या अंगावर होतं. सायाळ चिडली की पाठ फिरवते, काटे फुलवते आणि उलट्या पावलांनी थेट अंगावर येते. दगडूच्या नाकावर त्याची एक जुनी खूण होती. पण जन्मभर काय उलटंच धावायचं, असं कोंडाबाईला वाटायचं. "जिने बीळ खणलं, बीळ तिचं" एवढं लिहून मिळालं की निवांत झोपता येईल, अशी तिची साधी अपेक्षा होती.

पहिल्या दिवशी सागाची पानं आली, जांभळाचा रस आला, आणि मग लक्षात आलं की लिहायला काहीच नाही. सगळ्या सभेने मान वळवून कोंडाबाईकडे पाहिलं.

"कोंडाबाई, राष्ट्राला तुमच्या काट्याची गरज आहे," कासवनाना म्हणाले.

"एकच ना?"

"एकच. फार तर दोन."

"आणि माझं वाक्य?"

"ते घातलंच समजा."

तिने दात आवळून पाठीवरचा एक काटा उपटला. डोळ्यांत पाणी आलं. राष्ट्रप्रेमाने कोंडाबाईंना अश्रू अनावर, असं कावळे रानभर सांगत सुटले.

त्या काट्याने भास्कररावाने लिहिलं, "आम्ही जंगलातले सर्व प्राणी." ज्याची सूचना त्याने ती स्वतःच लिहायची, असा नियम झाला होता. लांडग्याने काटा दातात धरून आपली सूचना लिहिली आणि चितळांच्या शालिनीताईंपुढे केला. त्या चार पावलं मागे सरकल्या.

"तुमच्या तोंडातला काटा मी तोंडात धरू? आमच्यात चालत नाही."

"मग गवत खाणाऱ्यांचा उष्टा आमच्यात तरी कुठे चालतो?" लांडगा म्हणाला.

रानडुक्कर सगळंच खायचा, त्यामुळे त्याच्या तोंडातला काटा दोघांनाही चालेना. कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ठरलं की प्रत्येक सूचनेला नवा, कोरा, कोणी न शिवलेला काटा वापरायचा. घटनासभेने एकमताने मंजूर केलेला हा पहिला ठराव, आणि शेवटचाही. कोंडाबाई तेव्हा झोपली होती. सायाळ दिवसा झोपतेच. सभेत इतरही पुष्कळ प्रतिनिधी झोपायचे, पण तिच्याकडे निदान कारण होतं.

पुढे कामाला जोर आला. "आम्ही" या शब्दात कोण कोण येतं यावर अकरा दिवस गेले आणि साठ काटे. हत्तींचं म्हणणं होतं की मतं वजनावर मोजावीत. उंदरांचं म्हणणं, डोक्यांवर. तडजोड अशी झाली की डोकीच मोजायची, पण तराजूत घालून. दोन्ही बाजूंनी गुलाल उधळला.

खरी रणधुमाळी माजली ती अन्नाला मत असावं का, या प्रश्नावर. लांडगा म्हणाला, जेवणाला विचारून जेवायची पद्धत कुठल्याही सुधारलेल्या जंगलात नाही. शालिनीताई उसळून उभ्या राहिल्या.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आम्ही अन्न आहोत हे आम्ही नाकारत नाही. पण आम्ही स्वाभिमानी अन्न आहोत! आम्ही मतदार अन्न आहोत!"

टाळ्यांनी पार दणाणला. भास्कररावाने लगेच मार्ग काढला. चितळाला पळण्याचा मूलभूत हक्क आणि भुकेल्याला पाठलागाचा मूलभूत हक्क. दोन्ही हक्क सारखे, कोणावर अन्याय नाही. शालिनीताईंची मिरवणूक निघाली, त्यांना हार घातला, तो त्यांनी वाटेतच खाल्ला.

म्हाताऱ्या वाघाचा मुलगा रणधीर पाराच्या टोकाला पडलेला असायचा. त्याने एकही सूचना दिली नाही, एकही काटा मागितला नाही. तो अधूनमधून जांभई द्यायचा. त्याने जांभई दिली की भास्करराव नुकतंच लिहिलेलं वाक्य खोडायचा आणि म्हणायचा, "कोंडाबाई, नवा काटा."

संध्याकाळी सभा उठली की कोंडाबाई विचारायची, "नाना, माझं वाक्य?"

"घेऊ हो. आधी देशाचं, मग घराचं."

घरी गेल्यावर पिल्लं तिच्या पाठीवरचे उघडे पडलेले डाग चाटायची. ती त्यांना सांगायची, थोडं राहिलंय. तिला ते खरंच वाटत होतं.

हक्क वाटायच्या आधी ते कोणाला द्यायचे हे ठरवायला हवं, म्हणून मग व्याख्या आल्या. हत्ती म्हणजे सोंड असलेला. कासव म्हणजे पाठीवर ढाल असलेला. वाघाची व्याख्या करायची का, असं कोणीतरी विचारलं, तर भास्करराव म्हणाला, ओळख पटवायला वाघाकडे जाणार कोण? सायाळीची पाळी आली तेव्हा कोंडाबाई जागी होती. तिनेच अभिमानाने सांगितलं, "लिहा, जिच्या अंगावर काटे आहेत ती सायाळ." उगाच कोणी घूस येऊन आमच्या नावावर सवलती घेईल, असं तिचं म्हणणं. ते तिच्याच काट्याने लिहिलं गेलं. मंजुरीला तिने स्वतः पंजा वर केला. तेव्हा तिच्या अंगावर चाळीसेक काटे उरले होते.

शेवटच्या दिवशी तिचं वाक्य निघालं. काटा एकच राहिला होता, शेपटीच्या बुडाशी. तो धरून ती क्षणभर थांबली. दगडूचं नाक आठवलं. मग पारावरच्या एवढ्या विद्वान मंडळींकडे पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या जणांनी लिहून दिल्यावर काट्याचं काय काम? तिने तो उपटला. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून भास्कररावानेच सुंदर अक्षरात लिहिलं, "जिने बीळ खणलं, बीळ तिचं." तिने ते तीनदा वाचून घेतलं आणि हसत, रडत घरी निघाली.

घरी पिल्लं करवंदीच्या जाळीखाली कुडकुडत बसली होती. दगडू बिळात होता. फक्त नाक बाहेर दिसत होतं.

कोंडाबाईने सवयीप्रमाणे पाठ फिरवली, अंग फुलवलं आणि उलटी धावली. दगडू जागचा हलला नाही. ती मऊ धडकली.

"काय बाई, पाठ खाजवून हवीय का?" त्याने आपुलकीने विचारलं.

"बीळ माझं आहे! कलम झालंय!"

"झालंय ना. मी स्वतः पाराच्या कडेला बसून ऐकलंय. पण ते सायाळीसाठी आहे. सायाळ कोण, तेही मी ऐकलंय." त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

ती रात्र कोंडाबाईने पिल्लांसह जाळीखालीच काढली. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन ती तडक पारावर गेली.

पारावर दर्शनाची रांग लागली होती. पुस्तक चौथऱ्यावर ठेवलं होतं आणि हारांखाली जेमतेम दिसत होतं. लांडगा प्रसाद वाटत होता. भास्करराव कपाळाला गंध लावून शेजारी बसला होता.

"वकीलसाहेब, माझी ओळ काढून दाखवा. दगडूला दाखवायची आहे."

"उघडत नाही आता. हळदकुंकवाने आणि नारळाच्या पाण्याने पानं चिकटलीत. पण तुमची ओळ आत अगदी सुखरूप आहे. नमस्कार करा."

"नमस्काराने दगडू बाहेर येईल?"

रांगेतल्या लोकांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. पुस्तकाचा अपमान होतोय, असं कोणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात कासवनाना येऊन पोचले. ते सकाळीच निघाले होते. त्यांना सगळं ऐकून मनापासून वाईट वाटलं.

"बाई, तुमच्यावर अन्याय झालाय. आपण दुरुस्ती करू. पुरवणीचं एक पान जोडू. 'काटे आहेत' याच्या पुढे 'किंवा होते' असं लिहू. दोन शब्दांचं काम."

"करा मग. आत्ता करा."

"करू की." नाना घुटमळले. "लिहायला मात्र..."

त्यांची नजर तिच्या पाठीमागे गेली. मग लांडग्याची गेली, शालिनीताईंची गेली, सगळ्या रांगेची गेली. पिल्लांच्या पाठीवर या महिन्यातच काटे धरले होते. कोवळे, पांढरे, कोणी न शिवलेले.

"एकच," कासवनाना प्रेमाने म्हणाले. "फार तर दोन."

कोंडाबाईने पिल्लांना पोटाशी ओढलं. तिने पाराच्या टोकाकडे पाहिलं. तिथे रणधीर उन्हात पसरला होता.

"आणि यांचं कलम कितवं हो? यांनी तर इतक्या दिवसांत एकही काटा मागितला नाही."

भास्कररावाला हसू आवरेना. "अहो, त्यांचं कुठे काय लिहिलंय? त्यांना कधी गरज पडली?"

तेवढ्यात रणधीरने जांभई दिली, आणि सगळ्यांनी उभं राहून पुस्तकाला नमस्कार केला.