तळातला इटुकला

फार जुनी नव्हे, शेततळ्यांत हवेची यंत्रं फुसफुसू लागली तेव्हाची गोष्ट. एका तळ्यात बुडबुड्यांची रीतच होती: जन्मायचं, वर धावायचं, उन्हात चमकायचं आणि फुटायचं. इटुकला मात्र इतका बारीक, की त्याला वर जाताच येईना.

"तळाशीच कुजणार का रे तू?" गब्दुल बुडबुडा वरून ओरडला आणि टप्पकन फुटला.

इटुकला हिरमुसला. तेवढ्यात पंप सुरू झाला. पाण्याबरोबर तो ठिबकच्या नळीत ओढला गेला आणि थेंबातून मिरचीच्या बुडाशी उतरला. तिथे चिकणमातीत एक मुळी तपकिरी पडून धापा टाकत होती.

"आता पाणी नको रे बाबा! आधीच जीव गुदमरलाय."

"नुसतं पाणी नाही मावशी, श्वास आणलाय!" म्हणत इटुकल्याने स्वतःला तिच्यात रितं केलं. मागोमाग त्याच्याइतकीच बारीक लाखो भावंडं आली.

मुळीला पांढऱ्याशुभ्र नव्या मुळ्या फुटल्या. बघता बघता झाड मिरच्यांनी लगडलं आणि शेंड्यावरची लालभडक मिरची झळाळू लागली.

तळ्यातले नवे बुडबुडे माना उंचावून म्हणाले, "एवढ्या वर उन्हात कोण रे चमकतंय?"

झाड डोलत म्हणालं, "तुमच्या तळातला इटुकला!"