नारबा मुलीला शाळेत घालतो

माळेवाडीत नारबा नावाचा एक भोळा बाप राहत होता. त्याला एकच मुलगी, बायडी. जूनमध्ये तिला पहिलीत बसवायचं होतं. नारबा स्वतः कधी शाळेत गेला नव्हता. एसटीची पाटी त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे, आणि टवाळ लोक त्याला मुद्दाम भलत्याच गाडीत बसवून देत. बायडीचं असं होऊ नये, एवढंच त्याला वाटे.

तो अंगणवाडीच्या कुसुमताईंकडे गेला.

"ताई, पोरीला शाळेसाठी तयार करायचीय. काय करू?"

"तिच्याशी बोलत राहा. हातानं जे काम कराल, ते तोंडानं सांगत जा. लेकरं अशीच शिकतात."

नारबानं हे मनात पक्कं धरलं.

त्या दिवशी सासूबाई आल्या होत्या. बायको कौसा हळूच म्हणाली, "भाकरी कालची आहे. जरा गरम करून आईला वाढा."

नारबानं बायडीला जवळ घेतलं आणि मोठ्यानं सांगू लागला, "हे बघ. ही कालची भाकरी. हिला पाण्याचा हात लावतो. तव्यावर टाकतो. आता ती ताजी दिसते. आता ती आजीच्या ताटात."

सासूबाई ताटावरून उठल्या आणि आल्या पावली परत गेल्या.

सगळं ऐकून कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, कधीकधी गप्पही बसावं. लेकराला आपलं आपण करू द्यावं. सांडेल, लवंडेल, आपण मध्ये पडायचं नाही. वर शाबास म्हणायचं."

नारबानं हेही मनात पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात बाजेवर पातळ अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. शेळी आली. तिनं बाजेवर पुढचे पाय टेकले.

"बा, शेळी," बायडी म्हणाली.

"गप. तिचं तिला करू दे."

शेळीनं थोड्या कुरडया सांडल्या, बाकीच्या खाल्ल्या. शेवटी पातळसुद्धा ओढलं. नारबा म्हणाला, "शाबास."

मग कौसा बाहेर आली. तिनं शेळीला सोडलं आणि नारबाला झोडलं.

"लेकराला म्हटलं होतं, शेळीला नाही हो," कुसुमताई ते ऐकून म्हणाल्या. "नुकसान होताना दिसलं की ओरडायचं नाही. हात धरून बाजूला न्यायचं आणि हातात दुसरं काहीतरी द्यायचं. लगेच विसर पडतो."

नारबा तिथून थेट सरपंचांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेला. बघतो तर भटजी पळीमागून पळी चांगलं साजूक तूप जाळात ओतताहेत. केवढं हे नुकसान! तो ओरडला मात्र नाही. त्यानं भटजींचा हात धरला, त्यांना अंगणात नेलं आणि त्यांच्या हातात खिशातला बायडीचा जुना खुळखुळा दिला.

भटजींना काही विसर पडला नाही. खुळखुळा नारबाच्या कपाळाला लागला.

टेंगूळ चोळत तो पुन्हा अंगणवाडीत आला. उद्यापासून शाळा होती. कुसुमताई थकल्या होत्या.

"नारबा, आता एकच सांगते, आणि तेवढंच करा. बायडीलाही समजावून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. शाळेच्या दारात रडारड होतेच. रडणाऱ्याला घरी आणायचं नाही. वर्गात बसवायचं. दुपारी न्यायला येईन म्हणायचं आणि मागं वळून न बघता निघायचं."

नारबानं बायडीला सगळं समजावलं. तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

शाळा घरामागंच होती. सकाळी दोघं दारात पोचली. बायडीनं आत डोकावून पाहिलं. भिंतीवर मोर काढला होता. तिला तो आवडला.

नारबानं नव्या दप्तरातल्या बायडीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. मग ते वाहू लागले. मग तो हुंदके द्यायला लागला.

"बा, तू रडतोस?"

"हो गं."

दोघांनी कालचं बोलणं पुन्हा म्हणून पाहिलं. ताईंनी सांगितलं होतं ते अगदी स्पष्ट होतं.

थोड्या वेळानं बायडी घरी आली. कौसा भांडी घासत होती.

"अगं, तू इथं कशी? बा कुठंय?"

"बसवला वर्गात. फार रडत होता. दप्तर दिलं, तेव्हा जरा थांबला."

कौसा तशीच राखेच्या हातानं उठली आणि दाराकडे निघाली. बायडीनं तिचा पदर धरला.

"आई, आत्ता नको जाऊस. तुला बघून पुन्हा रडेल."