उघडी राहिलेली फांदी

“कुणीतरी फांदी उघडीच टाकून गेलंय! लाज कशी वाटली नाही?” चिंगी खार कडाडली.

संगणकाच्या पोटात प्राणी नांदत होते, तेव्हाची ही गोष्ट. माहितीपुस्तिकेतल्या खुणा वाचून चिंगी सपाट मजकुराचं झाड उभारायची आणि सुगरण पक्षीण त्यावरून वाचकांसाठी पानं विणायची. आज पुस्तिकेतल्या धोक्याच्या इशाऱ्याला सुरू झाल्याची खूण होती, संपल्याची नव्हती; त्यामुळे त्याची फांदी बंदच झाली नाही. पुढचे सगळे धडे इशाऱ्याच्याच फांदीला लोंबकळले आणि झाड कलंडलं.

“तोड ते, चिंगे. पुस्तिकाच रद्द करू,” सुगरण म्हणाली.

“थांब गं ताई!” इशारा जिथे संपत होता, तिथे चिंगीने संपल्याची एक चिमुकली तिरपी खूण ठेवली. सळसळ झाली. धडे आपापल्या फांदीवर परतले आणि अख्खं झाड आपसूक ताठ उभं राहिलं.

बुंध्यावरची गोगलगाय पुटपुटली, “अगं बाई! अशीच एक तिरपी खूण मी काल इथून कचरा समजून ढकलून दिली.”