पदेराची लेक आणि लिस्बनचं पाकीट

गोव्याच्या सासष्टीतल्या एका गावात पोर्तुगीज शिकवणारे एक निवृत्त प्राध्यापक राहत. दारावरच्या पितळी पाटीवर एकच शब्द होता, ‘प्रोफेसर’. कुणी नावानं हाक मारली तर ते वळूनही पाहत नसत.

घरोघर पाव टाकणाऱ्या पदेराच्या लेकीला, एर्मेलिंडाला, ब्राझीलच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांची शिफारस हवी होती. त्यांनी तिची परीक्षाच घेतली.

“ब्राझीलच्या माणसाला काय म्हणतात?”

“ब्राझिलेइरू. आधी तांबडा रंग देणाऱ्या ब्राझील लाकडाचा धंदा करणाऱ्यांना तसं म्हणत. पुढे साऱ्या देशाच्या माणसांना तेच नाव पडलं.”

उत्तर बिनचूक होतं, आणि तेच प्रोफेसरांना झोंबलं.

“म्हणजे धंद्यावरून ओळखली जाणारी माणसं! तुझ्या बापासारखी. गावात त्याचं नाव तरी कुणाला ठाऊक आहे? अशा घरातली मुलगी मी पाठवू?”

एर्मेलिंडानं पिशवीतून एक पाकीट काढलं.

“सर, हे लिस्बनहून आलंय. नवा पोस्टमन तीन दिवस गावभर फिरला, पण या नावाचा माणूस कुणालाच माहीत नव्हता. शेवटी त्यानं पप्पांना विचारलं. पप्पाही डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, ‘अरे, हे आपले प्रोफेसर तर नव्हेत?’”

प्रोफेसरांनी पाकिटावरचं स्वतःचं नाव वाचलं, आणि ते एकदम खो खो हसत सुटले. शिफारस लिहायला कोरा कागद पुढे ओढत म्हणाले, “पप्पांचं पूर्ण नाव सांग.”

“मारियानो फुर्तादो. आणि सर, खाली तुम्ही नुसतं ‘प्रोफेसर’ लिहा. म्हणजे उत्तर वेळेवर पोचेल.”