हळदीचा कागद आणि रावबांचा अंगठा

सांगा बरं मुलांनो, रंग कधी खोटं बोलतो का?

एका गावातल्या डेअरीत रावबा नावाचे गृहस्थ दूध तपासायचे. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून काही जण त्यात खायचा सोडा टाकत. ते पकडायला रावबा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद वापरत. चांगल्या दुधात कागद पिवळाच राही. सोडा असला की लाल होई. ज्याचा कागद लाल, त्याचं दूध गटारात आणि त्याचं नाव डेअरीतून कायमचं बाद, असा रावबांचाच नियम होता.

एकदा रावबांची बायको माहेरी गेली. रोज तीच त्यांना विडा लावून देई. त्या सकाळी त्यांनी स्वतःच पानाला चुना फासला, विडा तोंडात टाकला आणि घाईघाईने डेअरी गाठली.

रांगेत पहिली द्रौपदाबाई होती. एकुलत्या एका म्हशीवर तिचं घर चालत होतं. रावबांनी कागद चिमटीत धरून तिच्या दुधात बुडवला. कागदावर लाल डाग उमटला.

"अण्णा, माझ्या घरात सोडाच नाही! भजीसुद्धा दगडासारखी होतात माझी, विचारा कुणालाही."

"भजी राहू देत. कागद कुणाचा सोयरा नाही," म्हणत रावबांनी दूध ओतून दिलं.

"म्हैस एक, आणि लबाडी बघा केवढी!" मागून गोदाक्का फणकारली.

मग गोदाक्काचं दूध तपासलं. लाल! तिच्या मागच्याचंही लाल. सगळे बुचकळ्यात पडले. "म्हशींनीच सोडा खाल्ला की काय?" कुणीतरी म्हणालं. रावबांनी तांब्यातल्या पिण्याच्या पाण्यात कागद बुडवला. तोही लाल! आता मात्र त्यांनाही काही कळेना.

"ही सगळ्यांच्या आधी आली होती," गोदाक्का ओरडली. "हिनेच सगळीकडे सोडा टाकला!"

लोक द्रौपदाबाईवर तुटून पडले. ती रिकामी चरवी छातीशी धरून मागे सरकली.

रावबा कागद निरखत होते. डाग फक्त त्यांनी कागद जिथे धरला होता तिथेच होता. त्यांनी अंगठा पाहिला. नखाशी पांढरा चुना होता. हळद चुन्यानेही लाल होते.

अंगठा धोतराला पुसून गप्प बसणं सोपं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण रावबांनी तो सर्वांपुढे धरला.

"सोडा कुणीच टाकला नाही. चुना माझ्या अंगठ्याला आहे. बाई, चूक माझी. आता नियमाने माझंच नाव बाद करा."

द्रौपदाबाईने डोळे पुसले. "बाद कशाला, अण्णा? हात धुवा, आणि वहिनींना लवकर बोलावून घ्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रावबांनी सर्वांदेखत आपला ओला अंगठा आधी कागदावर दाबला. कागद पिवळाच राहिला. मग त्यांनी द्रौपदाबाईचं दूध घेतलं.

तात्पर्य: रंग खोटं बोलत नाही, पण दोष कुणाचा हेही तो सांगत नाही, म्हणून दुसऱ्याला दोषी ठरवण्याआधी आपला हात तपासावा.