समोरच्याचं गाऱ्हाणं

फार मागं, गाढवं बोलायची तेव्हाची गोष्ट. रखमाजी कुंभाराची गाढवं एकदा विटा वाहीनात. भट्टी पेटेना. तळ्यातलं म्हातारं कासव म्हणालं, "सगळे एका बैठकीला बसा, भांडण कसं मिटवायचं ते मी शिकवतो. ज्यानं त्यानं आपणच समोरचा आहोत असं धरून त्याचं गाऱ्हाणं सांगायचं."

सगळेच गोंधळले. एक गाढव म्हणालं, "मग आता लाथ कुणाला मारायची?"

भुऱ्या गाढव चाचरत पुढं आलं. "मी रखमाजी. भट्टी पेटली नाही तर माझी पोरं खातील काय?"

"आता तुम्ही, मालक," कासव रखमाजीला म्हणालं.

रखमाजीनं डोकं खाजवलं. "मी भुऱ्या. माझ्या पाठीवर जखम आहे, असं म्हणतात."

"कुठल्या बाजूला?" कासवानं विचारलं.

रखमाजी उठला आणि भुऱ्याच्या पाठीवरचं गोणपाट हळूच उचलून बघू लागला.