चोपडेबाईंचा कुरता

“…मग चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा!”

आपला आवाज चढल्याचं ऋजुता देशमानेच्या लक्षात आलं.

समोर चटईवर आठ कपडे मांडले होते. चार कुरते, दोन पँटी, एक लांब शर्ट, एक बिनबाह्यांचं जाकीट. सगळे तिनेच बेतलेले, तिनेच शिवलेले. आणि सगळेच्या सगळे परत आलेले.

अनसाक्का पोरे एका जुन्या पोलक्याची शिवण उसवत बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढं. कऱ्हाडात पन्नास वर्षं त्यांनी बायकांचे कपडे शिवले. आता नजर अधू झाली म्हणून मशीन बंद होतं, पण कुणाला काही अडलं की गावातले शिंपी अजून अक्कांचाच उंबरा गाठत.

ऋजुता मात्र आजवर कधी आली नव्हती. तिला तशी गरजच वाटली नव्हती. पुण्यात तीन वर्षं फॅशनचं शिक्षण, मग एका मोठ्या दुकानात नोकरी आणि आता गावात स्वतःचं दुकान. दुकानाच्या पाटीवर तिने लिहिलं होतं, ‘आठ कपडे, महिनाभर नवं रूप’. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी एकमेकांशी जुळणारे आठ कपडे. कशावर काहीही घाला, शोभून दिसणार. कल्पना खरोखर चांगली होती. पहिल्या दोन महिन्यांत अकरा जणींनी कपडे शिवून घेतले. आरशासमोर उभ्या राहिल्या, फोटो काढले, तोंडभरून कौतुक केलं.

आणि आठवड्याभरात पुन्हा आपल्या जुन्या कपड्यांत दिसू लागल्या.

चोपडेबाईंनी तर आठही कपडे धुऊन, इस्त्री करून परत आणून दिले. “फार सुंदर आहेत गं. तुझ्याकडेच असू देत, कुणाला तरी होतील. मला नाही घालवत.” वैजयंती चोपडे शाळेत गणित शिकवायच्या. ऋजुताला सातवीत त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून ते जास्त लागलं होतं.

“कापड?” अक्कांनी मान वर न करता विचारलं.

“चांगलं. सुती आणि लिनन.”

“माप?”

“मापात चूक काढून दाखवाच, अक्का. इथं सगळे सहा मापं घेतात. मी सतरा घेते.”

“मग अठरावं राहिलं.”

“कुठलं अठरावं?”

अक्कांनी नुसता हात पुढं केला.

“टेप दे.”

ऋजुताने पर्समधून टेप काढून दिली. अक्कांनी ती गुंडाळली, बटणांच्या डब्यात ठेवली आणि झाकण लावून टाकलं.

“आता बाहेर ओट्यावर जाऊन बस. समोर भाजीची गाडी लागते. बायका येतील, जातील. त्यांचे हात बघ.”

“हात?”

“हात.”

…

पहिल्या दिवशी संध्याकाळी ऋजुता उत्साहाने आत आली. “गडद हिरव्याची सध्या चलती आहे. पाऊण बाह्या जास्त दिसतात. ओढणी घेणाऱ्या कमी झाल्यात…”

“बाह्या बघितल्यास. मी हात म्हटलं होतं.”

दुसऱ्या दिवशी तिने हात बघितले. बांगड्या, पिशव्या, मोबाईल, मेंदी. सगळं सांगून झालं तेव्हा अक्का इतकंच म्हणाल्या, “उद्या ये.”

तिसऱ्या दिवशी ती चिडूनच बसली. दुकान तीन दिवस बंद होतं. तिकडं आधीच कुणी फिरकत नव्हतं, आणि आपण इथं एका म्हातारीच्या ओट्यावर माणसं मोजत बसलोय, असं तिच्या मनात येत होतं. अकरा बायकांनी आपल्याला नाकारलं. आपल्या हातात कलाच नसेल तर? पुण्याच्या शिक्षणाने फक्त तोरा आला असेल तर?

इतक्यात एक बाई स्कूटरवरून उतरली. पाय जमिनीला लागायच्या आत तिने पाठीमागून कुरता खाली ओढला.

दुसरी टोमॅटो निवडायला वाकली. एका हाताने टोमॅटो, दुसरा हात गळ्यावर धरलेला.

कॉलेजची एक मुलगी केस बांधायला दोन्ही हात वर नेत होती. अर्ध्यातच तिने एक हात खाली आणला, टॉप कमरेशी दाबला आणि एकाच हाताने केस कसेबसे गुंडाळले.

बँकेत जाणारी एक बाई रस्ता ओलांडताना गाड्यांकडे कमी आणि खांद्यावरच्या ओढणीकडे जास्त बघत होती.

ऋजुता ताठ बसली. आता तिला दुसरं काही दिसेनाच. उठताना ओढायचं, बसताना सारखं करायचं, वाकताना धरायचं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींपासून साठीच्या बायकांपर्यंत.

हे अक्कांना सांगायला म्हणून ती झटकन उठली, आणि तिचा उजवा हात आपसूक पाठीमागं गेला. तिने शर्ट खाली ओढला.

ती तशीच उभी राहिली… हात शर्टाच्या टोकावर ठेवून.

कधीपासून करत होतो आपण हे? कुणी शिकवलं? कुणीच नाही. पण दिवसातून शंभर वेळा करत असू.

आत आली तेव्हा तिचा आवाज हळू झाला होता. “अक्का… सगळ्यांचा एक हात कपड्यालाच बांधलेला आहे.”

अक्कांनी पहिल्यांदा मान वर केली.

“माझासुद्धा,” ऋजुता म्हणाली, आणि तिला एकदम हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवडे छातीवर जो धोंडा होता तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. तिची कला कुठं गेली नव्हती. चूक झाली होती, इतकंच. आणि ती सापडली होती.

अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

“टेप देता?”

“आधी त्या चोपडेबाईकडं जाऊन ये.”

…

दुसऱ्या दिवशी ऋजुता शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. नववीच्या वर्गात चोपडेबाई भूमिती शिकवत होत्या. उजव्या हाताने लिहीत होत्या, डावा हात कुरत्याच्या कडेवर दाबून धरलेला. आणि फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच होता.

ऋजुताला आठवत होत्या त्या बाई टाचा उंचावून फळ्याच्या अगदी वरच्या कडेपासून लिहीत. खाली येईपर्यंत अख्खा फळा भरून जायचा.

शाळा सुटल्यावर तिने विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “दोन वर्षं झाली. वर लिहायला हात केला, कुरता वर सरकला. मागच्या बाकावर दोघं-तिघं हसले. फार काही नाही, हसले एवढंच. पण त्या दिवसापासून वरचं लिहिणं सुटलं. खांदा दुखतो असं सांगितलंय मी वर्गात.”

“आणि मी शिवलेले कपडे…”

“तुझे फारच सुंदर होते गं. सुंदर कपड्यात तर आणखीच सांभाळावं लागतं.”

ऋजुताने विचारलं, “बाई, घरी आल्या आल्या काय घालता?”

“ते काही विचारू नकोस!” बाई हसल्या. पण तिने पिच्छाच पुरवला तेव्हा घरून घेऊन आल्या. एक जांभळट, विटलेला कुरता. कोपरावर विरलेला, बगलेत ठिगळ. “दहा वर्षांचा आहे. वाळला की तोच पुन्हा अंगात. टाकवत नाही.”

ऋजुताने तो कुरता अक्कांपुढं ठेवला. अक्कांनी तो उलटा केला आणि डोळे मिटून बोटं फिरवत गेल्या. खांद्यावर, बगलेत, घेरावर. हात वर केला तरी कुरता ओढला जाऊ नये म्हणून बगलेखाली पतंगासारखा चौकोनी तुकडा जोडलेला होता, तिथं बोटं थांबली.

मग त्यांनी बटणांचा डबा उघडून टेप तिच्या हातात दिली.

“आता घे माप. बाईला उभी करून घेऊ नको. बसव, वाकव, हात वर करायला लाव. आणि तेव्हा घे.”

दोन दिवसांनी ऋजुता विटकरी रंगाचं मऊ सुती कापड घेऊन आली. चटईवर पसरलं, खडूने आखलं. अक्कांनी आखणीवरून बोट फिरवलं.

“शिवणीत माया किती सोडलीस?”

“अर्धा इंच. आता सगळे तेवढीच सोडतात.”

“दीड सोड. लागलं तर उसवून वाढवता येतं. बाई वर्षभर एका मापाची राहत नाही.”

ऋजुताने खोडून पुन्हा आखलं. शेवटी तिने विचारलंच, “अक्का, असं मोकळं मोकळं केलं तर ढगळ नाही का दिसणार? मी बायकांना छान दिसण्यासाठी कपडे शिवते. नुसत्या सोयीसाठी असतं तर…”

“मी काय पोतं शिवायला सांगितलं?” अक्का कडाडल्या. “दिसलं पाहिजे! गळा नीट बसव. खांद्यावरून घेर कसा पडतो ते दहादा बघ. घातल्यावर बाईला आरशात बघावंसं वाटलं पाहिजे…”

त्या थांबल्या.

“…एकदा.”

कुरता झाला. अरुंद पट्टीचा गळा, बगलेत चौकोनी तुकडा, कमरेखाली अलगद सुटत गेलेला घेर, दोन्ही बाजूंना खोल खिसे. चोपडेबाईंनी घालून बघितला, आरशात एकदा पाहिलं, “बरा वाटतोय” म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

मग आठ दिवस काहीच नाही. फोन नाही, निरोप नाही. ऋजुता रोज दाराकडे बघायची. कापडाची पिशवी हातात घेऊन कुणीही आलं की तिला वाटायचं, आलाच परत.

नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, अर्धी शाळा सुटल्यावर बाई दुकानात शिरल्या.

“अगं, ऐक तरी काय झालं!” त्यांनी दारातूनच सुरू केलं. वर्गात इंदुमती भोईटे नावाची एक अबोल मुलगी होती. तिने एक प्रमेय पुस्तकापेक्षा वेगळ्या रीतीने सोडवलं होतं. बरोबर होतं! बाईंनी दोन्ही रीती शेजारी शेजारी फळ्यावर लिहिल्या, तर फळा पुरेना. शेवटी भिंतीवर लिहायची वेळ आली. मुलगी आता तालुक्याच्या स्पर्धेला जाणार. तिच्या वडलांशी बोलायला हवं, ते मुंबईला असतात…

बोलता बोलता त्यांचं लक्ष वरच्या फळीवरच्या निळ्या ताग्याकडे गेलं. ऋजुता स्टूल घ्यायला वळेपर्यंत त्यांनी टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी तागा खाली काढला, कापड चिमटीत धरून बघितलं आणि पुन्हा वर ठेवून दिला. आणि सगळा वेळ इंदुमतीच्या वडलांबद्दल बोलतच राहिल्या.

अर्ध्या तासाने घाईघाईने निघून गेल्या.

ऋजुताने दुकानाला कुलूप घातलं आणि तडक अक्कांचं घर गाठलं. अक्का दारातल्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या.

“बाई आल्या होत्या.”

“घालून?”

“घालूनच. इस्त्रीसुद्धा नव्हती. खांद्यापर्यंत खडू लागलेला.”

“मग?”

“मग काय… अर्धा तास बोलल्या. शाळा, फळा, ती मुलगी, तिचे वडील. कुरत्याबद्दल एक अक्षर नाही! चांगला म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. मी वाटच बघत होते. अक्का, त्यांना आठवणसुद्धा नव्हती की अंगावर…”

ऋजुता मध्येच थांबली.

अक्कांनी पाय जवळ घेतले आणि चटईवर तिच्यासाठी जागा केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “आता दुसरा बेतायला घे.”